चोरानं सोडलेले काळे मणी

कुलूप न तुटलेली ती घरफोडी मला आजही आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट गायब झालेला पाहिला. त्यातलं बरंचसं आता विसरलो. हे प्रकरण मात्र विसरतो म्हटलं तरी विसरत नाही. आणि गंमत अशी की कागदोपत्री यात चोरी झालीच नाही.

कळमनुरीच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. पोळा होऊन गेला होता, गणपती बसायचे होते, महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. ठाण्यात हे दिवस भारी कटकटीचे. मंडळांच्या परवानग्या, शांतता समितीची बैठक, त्यात वर्गणीवरून झालेली भांडणं. सकाळची हजेरी चालू असतानाच एक जोडपं आत आलं. नवरा पस्तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, पायात कंपनीचे बूट. बायकोच्या डोक्यावर पदर आणि डोळे रडून सुजलेले.

"साहेब, घर फोडलं आमचं," नवरा म्हणाला. "सोनं गेलं सगळं."

तो हिंगोलीला एका कापड दुकानात सेल्समन होता. रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन करायचा. पोळ्याला दोघं मुलीला घेऊन बायकोच्या माहेरी, पुसेगावला गेले होते. परत येऊन बघतात तर कपाट उघडं. बायकोचं मोठं गंठण, झुमके आणि अंगठी गेली होती. बाई रोज गळ्यात बारीक पोत घालायची, गंठण सणावाराला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या की घरातलं सोनं त्यांच्या अंगावर घालतात. त्यासाठीचं सोनंच नाही म्हटल्यावर ती मटकन खालीच बसली.

फिर्याद लिहून घेताना एक गोष्ट खटकली. ज्याचं खरंच काही गेलेलं असतं, त्याला धड सांगता येत नाही. तो मधूनच उठतो, दागिन्याचं वर्णन विचारलं की तो दागिना कोणत्या लग्नात केला ते सांगत बसतो. हा गडी घडाघडा बोलत होता. सोनाराच्या पावत्यांचे फोटो मोबाइलमध्ये तयार. एफआयआरची प्रत कधी मिळंल, हे दोनदा विचारून झालं. आणि सगळा वेळ त्याचा फोन टेबलावर थरथरत होता. तो बघायचा आणि कट करायचा. मी म्हटलं, "घे की, कामाचा असेल." तर म्हणाला, "कंपनीवाल्यांचे असतात, साहेब. जाहिरातीचे." मी विषय सोडून दिला. फोन कट करणारा प्रत्येक माणूस काही चोर नसतो.

पंचनाम्याला गेलो. दोन खोल्या, वर पत्रे. आत मात्र भिंतीवर थेटरासारखा टीव्ही, आणि सोफा एवढा मोठा की त्याला वळसा घालून आत जावं लागे. दाराचं कुलूप जिथल्या तिथं, कडी-कोयंडा शाबूत. कपाटाला ओरखडा नाही.

जमादार माझ्या कानाशी आला. "साहेब, काम झालं समजा. किल्ली शेजारणीकडं राहते."

टपरीवरून त्यानं पक्की खबर आणली होती. नळाला पाणी कधी येईल याचा त्या गल्लीत भरवसा नाही. म्हणून घराबाहेर जाणारा माणूस किल्ली शेजारी देऊन जातो आणि पाणी आलं की शेजारीण ड्रम भरून ठेवते. हे गल्लीत सगळेच करतात. या घराची किल्ली एका मावशीकडे असायची. मावशी विधवा, शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मूळची तांड्यावरची, बंजारा. आणि जमादारानं तिखटमीठ लावून सांगितलं, की मावशीच्या पोरीची सोयरीक जमली आहे आणि कालच्या बाजारात तिनं नवी भांडी घेतली.

"पैसा कुठून आला, साहेब?"

"खिचडी शिजवून," मी म्हणालो. "तुझ्या घरी भांडी कुठून आली?"

या गोष्टीचा मला नोकरीभर संताप आला. काही हरवलं की पहिलं बोट तांड्याकडे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांवर मीठ-धान्य वाहून अख्खा मुलूख जगवला, त्यांच्या पोरींनी नवं पातेलं घेतलं तरी लोकांच्या पोटात दुखतं. तरी पण तपास म्हटला की किल्लीवालीला विचारणं भाग होतं. जमादार म्हणाला, बोलावून घेतो. मी त्याला झापलं. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. महिला शिपाई बरोबर घेऊन, साध्या कपड्यांत मी स्वतः गेलो.

मावशीनं सगळं सरळ सांगितलं. पाणी आलं, ड्रम भरले, कुलूप लावलं. आतल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग ती हात जोडून म्हणाली, "साहेब, मला आत टाकायचं तर टाका. पर पोरीचं नाव कुठं येऊ देऊ नका. सेनगावच्या अंगाला तांडा हाय, तिथं दिलीय तिला. त्यायच्या कानावर गेलं तर ते लोक सोयरीक उभ्या उभ्या मोडतील."

मी म्हटलं, "अजून कुणी तुमचं नाव घेतलं नाही, मावशी."

"तुमी माझ्या दारात येऊन बसलात, साहेब. आता नाव घ्यायचं काय ऱ्हायलं?"

बरोबर होतं तिचं. साधे कपडे घातले म्हणून पोलीस लपतो थोडाच! आम्ही बाहेर पडलो तेव्हा समोरच्या प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं.

एक-दोन दिवसांतच ती बातमी पोरीच्या होणाऱ्या सासरच्या तांड्यापर्यंत पोहोचली. तांड्याच्या नायकाचा निरोप आला: पोलिसाचं निपटू द्या, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते पोरीच्या आईला सांगावं लागत नाही. मावशी शाळेत जायची, खिचडी शिजवायची, घरी यायची. फिर्यादीच्या बायकोनं तिला एकदा हाक मारली तर तिनं दार लोटून घेतलं.

या सुमारास मी फिर्यादीच्या बायकोचा जबाब घ्यायला गेलो. नवरा दुकानावर गेला होता. बाई सांगता सांगता म्हणाली, "पर साहेब, देवीनं कुंकू राखलं माझं. तेवढी दया केली चोरानं."

"काय केलं?"

ती उठली, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आली. आत एका चिंधीत काळे मणी. गंठणातले. सोन्याच्या वाट्या, सोन्याचे मणी सगळे गेले होते, काळे मणी तेवढे होते. संध्याकाळी दिवा लावताना तिला सापडले होते. गल्लीतल्या बाया येऊन त्या मण्यांना हळदकुंकू वाहून गेल्या होत्या.

मी ते मणी तळहातावर घेतले आणि तिथंच प्रकरण संपलं, असं म्हणायला हरकत नाही. अहो, मी आयुष्यभर चोर पाहिले. चोर गंठण ओढतो, खिशात कोंबतो आणि पळतो. दुसऱ्याच्या घरात बसून, दोरा कापून, काळा मणी वेगळा अन् सोन्याचा वेगळा, असं निवडत कोण बसेल? आणि निवडलेच तर ते चिंधीत बांधून देवापुढे ठेवील? त्या काळ्या मण्यांना भिणारा माणूस एकच असतो. ज्याच्या नावानं ते घातलेले असतात तो.

"तुमचे मालक पुसेगावला तुमच्याबरोबरच आले होते ना?" मी विचारलं.

"न्हाई. मला अन् लेकराला एसटीत बसवून देलं. ते मागून गाडीवर आले."

मी जबाब पुरा केला, मणी चिंधीसकट मागून घेतले आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. चौकशी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पट्टा येतो. माझी पद्धत चहाची. समोर चहा ठेवायचा आणि आपण गप्प बसायचं. चोराच्या मनात चांदणं. तो गप्प बसू शकत नाही. चहा अर्धा झाला तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. मी म्हटलं, "उचल. आणि स्पीकरवर टाक."

त्यानं नाइलाजानं बटण दाबलं. फोनवरचा माणूस कर्जवसुलीवाला होता, हिंदीत बोलत होता. आवाज गोड, शब्द विषारी. "भाईसाब, कितने दिन घुमाओगे? कल आपके सेठ को फोन लगाते हैं, फिर ससुराल में लगाते हैं. नंबर है हमारे पास." मी फोन हातात घेऊन माझा हुद्दा सांगितला, तर पलीकडून खटकन बंद.

मग मी टेबलावर ती चिंधी सोडली. "हे मणी निवडायला किती वेळ लागला रे?"

तो लहान लेकरासारखा रडायला लागला.

"सोनं गहाण टाकलं, साहेब. पर हे कसं गहाण टाकू? बायको जिती हाय, मी जिता हाय. गहाणवाला म्हणला, राहू द्या, वजनातून वजा करतो. मला न्हाई जमलं. मी बाहेर बसून दोरा तोडला. मग फेकायला बी हात उचलंना. लपवून ठेवले. पोळ्याच्या दिवशी कपाट उघडं टाकलं अन् जाता जाता देवापाशी ठेवले."

कर्जाला भ्याला नाही, बँकेला भ्याला नाही, मला तर नाहीच नाही. काळ्या मण्यांना भ्याला.

मग त्यानं पाकिटातून दोन क्रेडिट कार्डं काढून टेबलावर ठेवली. चकचकीत, एकावर सोनेरी नक्षी. सगळं ऐकून घेतलं. दुकानात मोठी गिऱ्हाइकं कार्ड घासून जायची आणि शेठ त्यांना दारापर्यंत पोचवायला जायचा. एक दिवस दुकानाबाहेर कार्डवाल्याचं टेबल लागलं. पगार जेमतेम, पण शेठनं कागदावर शिक्का मारून दिला आणि कार्ड आलं. पहिल्यांदा मुलीला बूट घेतले. "पाकिटात रुपया नव्हता साहेब, अन् मी दुकानातून पिशवी घेऊन निघालो. काय सांगू कसं वाटलं!" हे सांगताना रडका चेहरा घटकाभर उजळला, मी पाहिला.

खरी आग लावली ती साडूनं. म्हणजे त्या बिचाऱ्यानं काही केलं नाही. साडू मास्तर, कायम नोकरी. सासुरवाडीला गेलं की खाट त्याला आणि याला सतरंजी, असं याच्या मनानं घेतलं होतं. धाकट्या मेव्हणीच्या लग्नात साडूनं कपाट दिलं. आपल्याकडे आहेर माइकवरून पुकारतात. ते पुकारणं कानात घेऊन हा तसाच उठला, हिंगोली गाठली, कार्ड घासलं आणि दुपारपर्यंत मांडवात फ्रिज उतरवला. "माइकवर माझं नाव दोन डाव घेतलं, साहेब." ऋण काढून सण म्हणतात ते हेच. त्यात सण पण दुसऱ्याच्या घरचा!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दर महिन्याला बिलावर दोन आकडे येतात, एक पूर्ण आणि एक कमीत कमी. हा कमीत कमी भरत गेला. त्याला वाटलं कर्ज फिटतंय, आणि ते व्याजानं फुगत होतं. मग पहिल्याचं भरायला दुसरं कार्ड. मोबाइलच्या दुकानात ते घासायचं, दुकानदार कमिशन कापून नगद हातावर ठेवतो. याची टोपी त्याच्या डोक्यावर. शेवटी टोप्या संपल्या आणि बायकोच्या कपाटाकडे नजर गेली. महालक्ष्म्या जवळ आल्या तसं त्याला चोरीचं नाटक सुचलं, कारण आता बायको गंठण मागणार होती.

"आणि मावशी?" मी विचारलं. "किल्ली मावशीकडे असते हे तुला ठाऊक नव्हतं?"

तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, पोलिसाला काही सापडणार न्हाई. फाइल बंद होईल."

"फाइल बंद होईल! आणि तिच्या पोरीचं सासरचं दार उघडं राहील का रे?" माझा आवाज चढला. जमादार दारात आला, तेव्हा कुठे मी भानावर आलो.

हिंगोलीला जाऊन गहाणाची खात्री केली. दागिने तिथंच होते, त्याच्याच सहीनं ठेवलेले. अशा तपासाचा शेवट 'ब समरी'त होतो, म्हणजे फिर्याद खोटी होती असा अहवाल कोर्टात पाठवायचा. खोटी फिर्याद दिली म्हणून त्याच्यावर कारवाईही झाली. पुढे कोर्टानं दंड केला. कायद्याच्या बाजूनं एवढंच.

पण बायकोला सांगायचं बाकी होतं, ते मी त्यालाच सांगायला लावलं. माझ्यासमोर, ठाण्यातच. बाईनं सगळं ऐकलं. ओरडली नाही, रडली पण नाही. फक्त म्हणाली, "मला एक डाव सांगितलं असतं तर मी स्वतःच्या हातानं काढून देलं असतं. तुमी मला एवढीबी आपली धरली न्हाई."

मग माझ्याकडे वळली. "मावशीच्या पोरीचं काय, साहेब?"

मी म्हणालो, मी जीप घेऊन तांड्यावर जातो आणि नायकाला सांगतो. तर ती म्हणाली, "पोलिसाची जीप गेली तर अजून घोटाळा व्हईल. म्हणतील, दाबून टाकलं. ज्याच्या घरची चोरी त्यानंच बोललं पाहिजे." ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "मी मरून जाईन, पर तिथं बोलणार न्हाई."

"मग मी बोलते," ती म्हणाली.

भाड्याची जीप केली. ती, मावशी, महिला शिपाई आणि साध्या कपड्यांत मी. नवऱ्यालाही बसवलं, म्हटलं बघ तरी. तांड्यावर लिंबाखाली नायक, कारभारी, मावशीच्या होणाऱ्या जावयाचे वडील बसलेले. बायका लांब उभ्या. नवरा काही जीपमधून उतरला नाही.

ती पदर सावरून उभी राहिली. आवाज स्थिर होता. "माझ्या घरी चोरी झाली न्हाई. माझ्या नवऱ्यानं कर्ज केलं अन् माझं सोनं गहाण टाकलं. ते झाकायला खोटी कंप्लेट देली. मावशीनं आमचं पाणी भरलं, बस. तिनं आमच्या घरचा दाणाबी उचलला न्हाई."

मग नायक म्हणाला, "बाई, चारचौघांत नवऱ्याचं नाव घालवून राहिली तू. काहून?"

"त्यायचं नाव त्यायनंच घालवलं, बाबा. मावशीचं तरी राहू द्या."

नायक उठला. म्हातारा माणूस, त्यानं पोराच्या वडिलांकडे नुसतं पाहिलं. ते उठून मावशीपुढे आले आणि म्हणाले, "समधीण, चुकलं आमचं. तारीख तुमी सांगा." मावशी तिथंच बसून रडायला लागली. मला नोकरीत बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रकं मिळाली. पण एवढं बरं मला कधीच वाटलं नाही.

मावशी तांड्यावरच थांबली. आम्ही जीपनं परत निघालो. पुसेगाव मागं पडल्यावर बाई नवऱ्याला म्हणाली, "अजून काही लपवलं असंल तर आत्ता सांगा. साहेब बी हायत. मी आज जेवढी उघडी पडले तेवढी पुन्हा पडणार न्हाई."

तो वाकला, उजव्या पायातला बूट काढला आणि आतून एक कार्ड काढलं. तिसरं. मी त्याची झडती घेतली नव्हती, तो काही आरोपी म्हणून पकडलेला नव्हता. तरी मला स्वतःचा राग आला.

"ह्याच्यावर किती हाय?" बाईनं विचारलं.

"काहीच न्हाई. कोरं हाय. पहिल्या दोन्हीचं वेळेवर भरत होतो तवा आलेलं." आणि मग अगदी हळू, "दिवाळी पाडव्याला तुला छोटंसं गंठण घ्यायचं होतं ह्याच्यावर."

खरं सांगतो, मला हसावं का रडावं कळेना. गहाण टाकलेल्या गंठणाच्या जागी उधारीचं गंठण! आणि तो खोटं बोलत नव्हता हो. त्याचं तिच्यावर मनापासून प्रेम होतं. ते दाखवायचं तर काहीतरी विकत आणूनच, एवढंच त्याला ठाऊक होतं.

बाईनं कार्ड घेतलं आणि मोडायला लागली. मी म्हणालो, "ताई, मोडून ते बंद होत नाही. बँकेला फोन करून बंद करावं लागतं." तिनं नवऱ्यापुढे फोन धरला. "लावा."

त्यानं स्पीकरवर लावला. बरीच बटणं दाबून झाल्यावर पलीकडे एक पोरगी आली. गोड आवाज. कार्ड बंद करायचं म्हटल्यावर ती म्हणाली, का बंद करताय सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे, वर्षाची फी माफ करतो, वर खरेदीचं व्हाउचर देतो.

तो थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. खोटं नाही सांगत, एवढं सगळं होऊन, बायको तांड्यात त्याच्यासाठी उभी राहून आल्यावर, तो पठ्ठ्या विचार करत होता. 'व्हाउचर' शब्दावर त्याचं मन अडकलं होतं.

बाईनं त्याच्या हातातून फोन घेतला. "ताई, न्हाई पाहिजे आमाला. माणूस परत पाहिजे मला माझा. ते बंद करा," ती म्हणाली, आणि तेव्हा, त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा, तिचा आवाज फुटला.

पुढे त्यांनी टीव्ही विकला, सोफा विकला. फ्रिज मेव्हणीच्या सासरीच राहिला. दिलेला आहेर परत मागता येत नाही. सोनं सुटायला फार दिवस लागले, पण सुटलं. मावशीच्या पोरीच्या लग्नाला मी वर्दीशिवाय गेलो होतो, पंगतीत बसून जेवलो.

लोक मला विचारतात, कार्ड वाईट का? मी म्हणतो, मला बँकेतलं काय कळतं! मला एवढं कळतं की पूर्वी उसनं मागायला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं. समोरचा वर-खाली बघायचा, तोंड कोरडं पडायचं. ती लाज माणसाला आवरून धरायची. कार्डानं मागायची लाज काढून घेतली. मग ती लाज कुठे गेली? ती तांड्यावर, लिंबाखाली, एका बाईला चारचौघांत भरावी लागली. लहान पगारात संसार होतो, मी स्वतः शिपायाच्या पगारात केला आहे. भाकरी कमी पडली तरी चालतं, सण साधा झाला तरी चालतं. पण जिला महिन्याचा पगार ठाऊक असतो, तिच्यापासून खर्च लपवायला लागलात की तुमच्या घरात चोर शिरला समजा. आणि या चोराला पकडायला पोलीस कामाचा नाही.